लंजेस छापताय तर आधीची पायरी पण छापा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मागे लंजेसबद्दल, म्हणजे एक पाय पुढे एक मागे ठेवून गुडघे वाकवत खाली जायचं आणि वर यायचं त्या व्यायामाबद्दल, आलं होतं, प्रत्येक पायाने 20 वेळा आणि शेजारी एक फोटो, बस एवढंच. ते बघून माझ्या आईने करायला घेतलं, वय 58, आयुष्यात कधी व्यायाम केलेला नाही, आणि तिसऱ्याच लंजला तोल जाऊन पलंगाच्या कडेवर हात आपटला. फार लागलं नाही पण "हे आपल्याला जमायचं नाही" म्हणून तिने सोडूनच दिलं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण मांड्या आणि कुल्ले दोन्ही मजबूत करणारा इतका साधा व्यायाम, तोही काही विकत न घेता, सोडून देण्यासारखा नाहीये.

चूक तिची नव्हती. फोटोतला लंज पाऊल पुढे टाकायचा होता. त्यात पुढे जाणारं सगळं अंग पुढच्या पायाला आधी थांबवावं लागतं आणि मग परत मागे ढकलावं लागतं, नवीन माणसाला ते जडच जाणार. त्यापेक्षा आधी एक पाय पुढे एक मागे ठेवून, पावलं न हलवता नुसतं सरळ खाली जायचं आणि वर यायचं. ते जमलं की मग पाऊल मागे टाकायचा लंज, आणि पाऊल पुढे टाकायचा सगळ्यात शेवटी.

आणि दोन्ही पावलं एका रेषेत ठेवू नका हे कुणी सांगतच नाही! आम्ही फरशीची रेघ धरली, एक पाऊल रेघेच्या या बाजूला दुसरं त्या बाजूला, मध्ये वीतभर जागा, आणि एक हात भिंतीला. आईचं डगमगणं त्याच दिवशी कमी झालं. मागच्या गुडघ्याखाली उशी ठेवली म्हणजे आपटायची भीती नाही, आणि सुरुवातीला उशीपर्यंत पोचायची पण गरज नाही, अर्धं खाली गेलं तरी चालतं. पुढच्या पायाची टाच मात्र उचलू द्यायची नाही, मागची उचललेलीच असते. गुडघा बोटांच्या पुढे गेला की वाट लागते असं सगळे सांगतात पण थोडा गेला तर काही बिघडत नाही, तो आत अंगठ्याकडे पडतोय का हे बघा.

आकडा पण कमी सांगा. एका पायाला 6 ते 8, असे 2 सेट, आठवड्यातून 2-3 दिवस आणि मध्ये एक दिवस सुट्टी. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मोठ्या माणसांना स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान 2 दिवस करा असंच सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते सुरुवातीला होतंच, पण गुडघ्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं तर तिथेच थांबायचं आणि दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं, हे एक वाक्य तरी प्रत्येक वेळी छापायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आई आता एका पायाने 8 करते, भिंतीला फक्त दोन बोटं लावून.

पुढच्या वेळी फोटो बाजूने एक आणि समोरून एक असे दोन द्या प्लीज. गुडघा आत पडतोय की नाही आणि दोन पावलांत जागा किती आहे, हे बाजूच्या फोटोत दिसतच नाही.

आपली,
एक नियमित वाचक