चादर घरोघरी, माग मात्र अनोळखी

सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. भुईकोट किल्ला, नान्नजचे माळढोक अभयारण्य ही ठिकाणे योग्यच. पण यंत्रमाग त्यातून सुटले, याची खंत वाटते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घरोघरी आहे, तिच्यावर नक्षी कशी उमटते हे मात्र आपल्याच मुलांना ठाऊक नसते. पारंपरिक जेकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे छिद्र, तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो. पुढे संगणकातही अशीच छिद्रांची कार्डे वापरली गेली, हे मुलांना तिथेच सांगता येईल. कारखानदारांनी सुट्टीत रविवारी तासभर, सुरक्षित अंतर राखून, पालकांसह मुलांना प्रवेश द्यावा. माहिती विणकरानेच दिली तर उत्तम.

– एक पालक, सोलापूर