मत्स्योद्योगमंत्र्यांना खुले पत्र: पोत्यात मासळी किती, तेही छापा

मा. मत्स्योद्योगमंत्री,
गोवा सरकार, पणजी

सप्रेम नमस्कार.

तारल्यांचा भाव चढला की एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर आणि परराज्यातल्या बोटींवर भरपूर बोललं जातं. पण ताटात येऊ शकणारे तारले फिशमीलच्या, म्हणजे सुक्या मासळीची पूड करणाऱ्या, कारखान्यात जातात आणि ती पूड शेवटी आम्हा कोळंबीवाल्यांच्या तळ्यात पडते, यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा प्रपंच.

तळ्याच्या खर्चापैकी निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो. हल्ली 'फिशमील कमी', त्याजागी सोया, अशी पोती येतात आणि सोबत पूरकांच्या पुड्या गळ्यात मारल्या जातात. आमच्याकडे येणाऱ्या पोत्यांवर प्रथिनं, स्निग्धांश, ओलावा सगळं छापलेलं असतं. मासळी किती आणि सोया किती, हे मात्र नसतं.

सोयापेंडीवर वनामी, म्हणजे आम्ही पाळतो ती कोळंबीची जात, वाढते, हे खोटं नाही. पण सोयात मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी, आणि कोलेस्टेरॉल जवळपास नाहीच. कोळंबीला ते स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. बाहेरून मिळालं नाही तर कात टाकताना माल दगावतो. सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारं फायटेज हे विकर घातलं नाही तर तो अंगी न लागता पाण्यात उतरतो आणि मानशीतून (बांधाच्या झडपेच्या दारातून) थेट नदीत जातो. चवीचंही आहेच. कोळंबी दाणा पायांत धरून सावकाश कुरतडते. वास आवडला नाही तर दोन तासांनी चेक ट्रे (खाद्य किती खपलं ते बघायला तळ्यात सोडलेलं ताट) वर काढावा, तर दाणे फुगून तसेच पडलेले. थोडी माकुलाची (स्क्विडची) पूड मिसळली की तेच खाद्य खपतं. म्हणजे पूरकं थोतांड नव्हेत. कुठलं, किती आणि कधी, हे दुकानदार ठरवतो, तिथे घोडं पेंड खातं.

त्यात आपलं पाणी वेगळं. मांडवी-जुवारीच्या काठचं पाणी मे महिन्यात खारट, जुलैत जवळजवळ गोडं. गोड्या पाण्यात वनामीला पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी पडतं. आंध्रच्या तळ्यांवर बसवलेलं प्रमाण इथे डोळे मिटून कसं चालेल?

जुने गोवेला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. चेन्नईच्या 'सिबा'ने (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने) 'वनामी प्लस' हे देशी खाद्य तयार केलं आहे. या दोघांना सोबत घेऊन खात्याने तिसवाडी आणि सासष्टी तालुक्यांत चाचणीची तळी घ्यावीत, एक पीक उन्हाळ्यात, एक पावसात. किलोभर कोळंबीला खाद्य किती लागलं, मरतूक किती, खर्च किती, हे मराठी-कोकणीत जाहीर करावं. खाद्याचे नियम केंद्रात ठरतात, ठाऊक आहे. पण राज्याच्या अनुदानाच्या अटी तुमच्या हातात आहेत. फिशमीलचं प्रमाण न छापणाऱ्या पोत्याला अनुदान नको.

(यासाठी खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली, भातशेती बुडवून नवी तळी काढा, असं मी मुळीच म्हणत नाही. आहेत ती पुरे.)

चाचणीसाठी तळं हवं असेल तर माझं घ्या. बांध धड आहे, वीज मात्र तुम्हालाच बघावी लागेल.

आपला नम्र,
एक कोळंबी उत्पादक, तिसवाडी