‘व इतर’ लिहून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत व्हिएन्नातल्या ज्यू धर्मगुरूंच्या १९२३ च्या अधिवेशनाचा समूहफोटो ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून छापलात. मराठी वाचकांसाठी असा फोटो शोधून काढलात, याबद्दल आभार. पण खालची ओळ वाचली आणि राहवलं नाही, म्हणून आजच लिहायला बसलो.

‘मध्यभागी मुनकाचचे रेब्बे, उजवीकडे खाफेट्स खाईम व इतर हसिद धर्मगुरू.’ (हसिद म्हणजे ज्यूंमधला एक भक्तिपंथ, रेब्बे म्हणजे त्याच्या एकेका शाखेचे गुरू.) अहो, हे अधिवेशन अगुदत इस्रायल ऊर्फ अगुदा या कर्मठ ज्यूंच्या संघटनेचं. मुनकाचचे खाईम एलाझार शपिरा तिचे कट्टर विरोधक होते. आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, चॉप इथे रब्बींची परिषद भरवून त्यांनी अगुदाविरुद्ध आघाडी उघडली होती. ते वर्षभरात अगुदाच्याच व्यासपीठावर मधली खुर्ची पकडून बसले, हे तुमच्या उपसंपादकांना पटलं तरी कसं? गेरचे रेब्बे अव्राहम मोर्देखाय आल्टर आणि चोर्टकोव्हचे रेब्बे इस्रायल फ्रीडमन तिथे हजर होते. मधले गृहस्थ त्या दोघांपैकीच एक, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कारण त्यांनी तळहात चेहऱ्याआड धरलाय, दिसतं ते एक डोळा आणि दाढीचं टोक. फोटो काढून घेणं अनेक रेब्बींना मान्य नव्हतं, कॅमेरा दिसला की ते असाच हात आड धरत. ज्या माणसाने चेहरा झाकला, त्याला तुम्ही बेधडक नाव देऊन टाकलंत.

खाफेट्स खाईम म्हणजे रादिनचे इस्रायल मेईर कागन. ते हसिद नव्हतेच. १७७२ मध्ये विल्नात ज्या लिथुआनियन परंपरेने हसिदांवर बहिष्कार घातला, त्या परंपरेतले ते. वयाच्या पंचाऐंशीच्या घरात असताना ते व्हिएन्नाला आले आणि हसिद रेब्बींबरोबर एका व्यासपीठावर बसले. या अधिवेशनाचं मोठेपण त्यातच आहे, आणि तेच तुमच्या ओळीने पुसून टाकलं. पडताळायला साधन नव्हतं असंही नाही. याच अधिवेशनाची जुनी चित्रफीत अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संग्रहात आहे, २०१५ पासून त्यातले कागन जगभरच्या लोकांनी पाहिलेत.

आता ‘व इतर’. पोलंडचे रब्बी मेईर शपिरो हे तेव्हा छत्तीस वर्षांचे. जगभरच्या ज्यूंनी रोज तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं एकच पान वाचावं, ही कल्पना त्यांनी याच अधिवेशनात मांडली. २,७११ पानं, साडेसात वर्षांचं एक आवर्तन, आणि ते आजतागायत चालू आहे. मागच्या रांगेत काळ्याभोर दाढीचा एक तरुण उभा आहे. तो शपिरो आहे की नाही, हे कोणा जाणकाराला विचारायला काय हरकत होती?

मी बेने इस्राएल आहे, म्हणून हे जास्त झोंबलं. पोलंडच्या हसिदांशी आमचा तसा संबंध नाही. आम्ही कोकणातले, घरात मराठी बोलणारे. पण आमच्याही फोटोंची अशीच दशा होते. काही वर्षांपूर्वी एका पुरवणीसाठी (तुमच्या नव्हे) आमच्या गावच्या मशिदीचा, म्हणजे सिनेगॉगचा, समूहफोटो माझ्याकडून नेला होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खाली छापील अक्षरांत ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ म्हणून मुकादम, हजान (प्रार्थना चालवणारे), चौगुले, मग ‘उभे’, मग ‘खाली बसलेले’. आजोबा उभ्या रांगेत शेवटून दुसरे, गळाबंद कोट, काळी टोपी, एका हाताची बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. फोटो परत आला तो पुठ्ठा कापून. स्कॅनरमध्ये मावत नव्हता म्हणे! नावं गेली कचऱ्यात. आणि छापलं काय, तर ‘मुंबईतील बगदादी ज्यू व्यापारी’. ज्यांच्या वाडवडिलांना गाव शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणायचं, त्यांना ससूनांसारख्या बगदादी धनिकांच्या पंगतीत नेऊन बसवलं. आत्याने आठवतील तेवढी नावं चेहऱ्यांवरून सांगितली. आता आत्याही नाही. खाली बसलेल्यांपैकी तिघांची नावं सांगणारं कोणी उरलेलं नाही.

व्हिएन्नाच्या फोटोचं तर त्याहून कठीण. पुढच्या वीस-बावीस वर्षांत नाझींनी त्या समाजाची गावंच्या गावं संपवली. विचारायचं कोणाला? अशा वेळी चुकीचं नाव एकदा छापलं की चिकटून बसतं. हसिद पंथाचे संस्थापक बाल शेम तोव्ह १७६० मध्ये वारले. त्यांचं म्हणून जे चित्र वर्षानुवर्षं छापलं गेलं ते लंडनच्या खाईम सॅम्युएल फाल्क यांचं, आणि आजही ते संस्थापकांच्या नावानेच खपतं.

आणखी एक. मूळ फोटो काळा-पांढरा असताना त्यात रंग कशाला भरलेत? हसिदांचा प्रांत टोपीवरून ओळखता येतो. पोलंडमधल्या गेरसारख्या पंथांचं उंच स्पोडिक वेगळं, गॅलिशिया आणि हंगेरीकडचं रुंद, बसकं श्ट्राइमल वेगळं. तुमच्या संगणकाने फर, मखमल आणि मागची भिंत सगळं एकाच तपकिरी रंगात बुडवलं. टोपी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते भिंग लावूनही कळत नाही. ओळख पटवायचा उरलासुरला आधारही त्या रंगाने घालवला.

येत्या रविवारी हाच फोटो त्याच जागी, त्याच आकारात, रंग न भरता पुन्हा छापा. ज्यांची खात्री आहे त्यांचीच नावं द्या. बाकी प्रत्येकापुढे ‘ओळख पटलेली नाही’ असं स्वच्छ लिहा आणि मूळ फोटो कोणत्या संग्रहातला तेही सांगा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी छापून हे भागणार नाही.

कळावे,
एक वाचक, ठाणे