प्रश्न आईला विचारल्याबद्दल

आदरणीय सीए मॅडम,

फी दिली, रिटर्न भरून झालं. तरी तुमचे आभार मानायचे राहून गेलेत असं सारखं वाटतंय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

आईचे शेअर असलेल्या दोन कंपन्या बुडाल्या. शेअर तिने स्वतःच्या पगारातून, स्वतः अभ्यास करून घेतले होते. दोन्ही कंपन्या डिलिस्ट झाल्या, म्हणजे शेअर बाजाराच्या यादीतून निघाल्या, आणि मग सल्ल्यासाठी जाऊ तिथे तिच्याकडे कुणी बघेचना. एक सल्लागार म्हणाले, “गेले ते, विसरा आता.” दुसरे म्हणाले, “दोन्हींचा तोटा रिटर्नमध्ये दाखवून टाकू, कोण बघतंय?” बोलत होते दोघंही माझ्याशी. आई शेजारी बसून होती. “बायकांनी या फंदात पडूच नये,” असं ऐकवणारे नातेवाईक होतेच. तिने शेअरचं नाव काढणंच सोडलं.

तुम्ही मात्र स्क्रीन तिच्याकडे वळवलीत. मी उत्तर द्यायला लागलो तर मला हातानेच थांबवलंत आणि म्हणालात, “काकू, शेअर तुमचे आहेत, तुम्ही सांगा. नेमके हेच घ्यावेसे का वाटले?” कर काढायला या प्रश्नाचा काहीही उपयोग नव्हता. आई सांगत गेली: ताळेबंदात काय आवडलं होतं, लाभांश कसा येत होता, कंपनीचं कर्ज वाढतंय हे कधी खटकलं. तुम्ही मन लावून ऐकलंत, मध्ये प्रश्नही विचारलेत. बोलता बोलता ती खुर्चीत सावरून बसली. माझ्यासाठी सगळं तिथेच मिळालं होतं.

पुढचंही तुम्ही तिलाच समजावलंत. भाव शून्य झाला म्हणून 1961 च्या आयकर कायद्याप्रमाणे भांडवली तोटा होत नाही, हस्तांतरण व्हावं लागतं. पण शेअरवरचा हक्क नष्ट होणं हेसुद्धा त्यात येतं. एका कंपनीचे जुने शेअर दिवाळखोरी संहितेखालच्या योजनेत रद्दच झाले होते, म्हणून तिथे दावा करता येईल. भागभांडवल कमी करताना हक्क गेला तर ते हस्तांतरणच, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 चा निकाल तुम्ही दाखवलात. आपलं प्रकरण तंतोतंत तसं नाही, आयकर खातं वाद घालू शकतं, हेही लगेच सांगितलंत. दुसऱ्या कंपनीचे शेअर अजून डीमॅटमध्ये पडून आहेत, अवसायन, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचं काम, चालू आहे. “याचा तोटा मी आज दाखवणार नाही,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा आईचा तुमच्यावर विश्वास बसला. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, उरलेला 8 वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच, हे तिने स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

गिऱ्हाईक समोर आशेने बसलेलं असताना ‘हे बसत नाही’ म्हणायला सचोटी लागते. आणि पैसे गमावलेल्या माणसाला मूर्ख न ठरवता बोलायला त्याहून मोठं मन लागतं. अशी माणसं आपल्या आसपास असतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

दुसऱ्या कंपनीचा निकाल लागला की आई तुम्हाला स्वतः फोन करणार आहे. नंबर तिने माझ्याकडून घेतलाय.

तुमचा कृतज्ञ,
काकूंचा मुलगा