पॅरिसमध्ये गज निवडून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

व्हायोलिनचा जुना फ्रेंच गज माझ्या हाती आला तो तुमच्यामुळे. आभार चारचौघांत मानतेय, कारण त्या दुपारी तुम्ही जे शिकवलंत ते व्हायोलिन वाजवणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

र्‍यू द रोमवरच्या दुकानात शिरतानाच तुमची अट होती: कारागिराच्या नावाचा शिक्का आणि किंमत सगळ्यांत शेवटी बघायची. आधी काठी डोळ्यांसमोर धरायची, फ्रॉगपासून, म्हणजे हाताकडच्या ठोकळ्यापासून, टोकापर्यंत ती सरळ आहे का, बाक एकसारखा उतरलाय का ते पाहायचं. मग टोकाचं डोकं भिंगाखाली. तिथे तडा गेलेला असेल तर दुरुस्ती कितीही सुबक असो, गजाची किंमत कोसळते. चांदी, सोनं, शिंपल्याचा डोळा, या सगळ्याकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

फ्रांस्वा झाविए तूर्तबद्दल मात्र किती भरभरून बोललात! आधी घड्याळं बनवायला शिकलेला हा माणूस, अठराव्या शतकाच्या अखेरीस विओत्तीसारख्या वादकांच्या संगतीत गजाचं आजचं रूप पक्कं करतो. बाक कोरून काढण्याऐवजी तो परनाम्बुको या ब्राझीलच्या लाकडाची सरळ काठी तापवून वाकवायचा. लाकडाची रेघ कुठे तुटत नाही, म्हणून जेमतेम 60 ग्रॅमच्या गजात एवढा ताठपणा आणि एवढी लवचीकता एकत्र नांदते. आणि तूर्त सहसा आपल्या गजावर नाव उमटवत नसे! शिक्का शेवटी का बघायचा, ते मला तिथेच पटलं.

पेकात या फ्रेंच कारागिराच्या घडणीचा गज दणकट, त्याचं डोकं कुऱ्हाडीच्या पात्यासारखं. व्वारँ या दुसऱ्या कारागिराच्या घडणीचा सडपातळ, डोकं गोलसर. दोन्ही तुम्ही वाजवून दाखवलेत. व्हायोलिन तेच, हात तोच, तरी एकातून गडद सूर आला, दुसऱ्यातून उजळ. हे मी कधीही विसरणार नाही.

मग माझ्याकडून एकच खुली तार वाजवून घेतलीत, टोकापासून, अगदी हळू. चांगल्या गजाला सूर धरायला दाब लागत नाही. गजाचे केस तारेला टेकतात आणि आवाज आधीपासूनच तिथे असल्यासारखा सुरू होतो. फ्रॉगकडे येताना तो फुगत नाही, टोकाकडे जाताना आकसत नाही. मधल्या भागात गज स्वतःहून उसळतो, बोटांनी फक्त त्याला अडवायचं नाही. मिरकूर या फ्रेंच गावात घडलेला, जर्मन सिल्व्हरचा साज असलेला, शिक्का नसलेला तो साधा गज या सगळ्याला उतरला, आणि माझ्या ऐपतीतही बसला.

परनाम्बुको आता दुर्मीळ झालाय. 2007 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. म्हणून तुम्ही सांगितलंत तसं वाजवून झालं की लगेच केस ताणणारा स्क्रू सैल करते. पुण्याच्या पावसाळ्यात केस लांबतात, तेव्हा स्क्रू किती फिरवायचा याचाही आता अंदाज आलाय.

बाखच्या शाकोनमधल्या स्वरसंगती या गजावर मोकळ्या वाजतात, ताई. मनापासून आभार. पुण्याला याल तेव्हा आधी तुम्ही वाजवायचं, मी ऐकणार आहे.

तुमची,
एक विद्यार्थिनी