भिगवणच्या नाववाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार.

सीझनमध्ये रोज इतके लोक तुमच्या नावेत बसतात की आम्ही लक्षात असू की नाही माहीत नाही. फेब्रुवारीतला शनिवार होता, पुण्याहून पहाटे चारला निघालो होतो, मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात बघून तुम्ही घरून प्लास्टिकची खुर्ची आणून नावेत मधोमध ठेवलीत ना, तेच आम्ही. पैसे देताना थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

कुंभारगावचा काठ सोडला आणि थोड्या वेळाने लांबवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसायला लागले, पांढऱ्या-गुलाबी रंगाची नुसती रेघ. लेकीने मामाचा जुना कॅमेरा काढला. मी म्हटलं दादा अजून जवळ घ्या ना, उडाले की पंखांतला गुलाबी रंग येईल फोटोत. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, ते खातायत. उडवलं की तेवढं खाणं गेलं त्यांचं." आणि इंजिनच बंद केलंत, मग बांबूने हळूहळू रेटत एका जागी नाव थांबवली.

पंचवीस मिनिटं तरी थांबलो असू. आणि त्या पंचवीस मिनिटांत लेकीला तुमच्याकडून जे मिळालं ते मी कुठल्या क्लासला पैसे भरून आणू शकले नसते. उजनी धरणाचं पाणी उतरून उथळ झालं की हे इथे का येतात, मान खाली घालून चोच उलटी करून पाणी कसं गाळतात, मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं आणि गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो, हे सगळं तुम्ही हळू आवाजात सांगत होतात. तिला नावेच्या टोकाशी पालथं झोपायला लावलंत, कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितका चांगला म्हणून. सूर्य पाठीशी घे. वारा कुठून येतोय बघ, पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणजे कुठल्या बाजूला जागा सोडायची ते आधीच कळतं.

मग त्यांनी माना ताठ केल्या, एका दिशेने चालायला लागले, तुम्ही फक्त "आता" म्हणालात आणि ते आपणहून पाण्यावर पळत पळत उठले. तिला तीनच फोटो धड मिळाले. त्यातल्या एकात पाय अजून पाण्याला टेकलेत, मागे पावलांची वर्तुळं उमटलीत आणि पंखांची काळी कड उघडलीय. तो हॉलमध्ये लावलाय.

पण खरं थँक्यू आईसाठी आहे. परत येताना ती गप्प होती, तुम्ही विचारलंत मावशी काय झालं, तेव्हा तिने सांगितलं की तिचं आजोळ जुन्या पळसदेवचं. उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. सुट्टीत जिथे ती खेळायची ती जागा या पाण्याखाली आहे. हे ती आम्हाला कधी इतकं मोकळेपणाने बोलली नव्हती. तुम्ही म्हणालात, मे महिन्यात या, पाणी उतरलं की देऊळ वर येतं, मी दाखवतो.

लोक बोलून जातात. तुम्ही मे महिन्यात स्वतः फोन केलात. पळसदेवला तुमची नाव नसते म्हणून तिथल्या ओळखीच्या माणसाची नाव ठरवलीत, कामाचा दिवस सोडून बरोबर आलात, आईचा हात धरून चिखलातून वर नेलंत. देवळाच्या दगडांवर वाळलेले शंख-शिंपले चिकटलेले होते, वर पाणपक्षी बसलेले. आईने दगडाला हात लावला आणि कुठे कोणाचं घर होतं, कोणत्या बाजूने नदीला जायचे ते बोट दाखवून सांगत राहिली. लेकीने आजीचा तेव्हाचा फोटो काढलाय, कोणी न सांगता खाली बसून, सूर्य पाठीशी घेऊन.

त्या दिवशी वहिनींनी केलेला चिलापी माशाचा रस्सा आणि भाकरी, आई अजून नाव काढते.

दोन्ही फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढल्यात तुमच्यासाठी. डिसेंबरात पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) बघायला येतोय, तेव्हा हातात देईन. आईपण येणार आहे.