ससून डॉकवरच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव माहीत नाही, म्हणून हे असं जाहीर पत्र. मासळीच्या लिलावाची ओरड चालू असताना पाटीतली माकुलं (इंग्रजीतली स्क्विड) निरखत उभ्या राहिलेल्या बाईला तुम्ही हाकललं नाहीत, त्याबद्दल आधी आभार.

मी परग्रहावरच्या समुद्राची गोष्ट लिहीत होते आणि त्यातला प्राणी काही केल्या जमत नव्हता. एका लेखन कार्यशाळेत चांगली घसघशीत फी भरून सल्ला मिळाला होता, 'माहिती विसरा, मन मोकळं सोडा.' सोडलं. आलं काय? दोन डोळे, चार पाय, हिरवी कातडी. आमच्या गल्लीतला कुत्राच, फक्त रंगवलेला! हे सगळ्यांचंच होतं म्हणा. थॉमस वॉर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉलेजच्या मुलांना दुसऱ्या ग्रहावरचे प्राणी काढायला सांगितले, तर बहुतेकांनी डावी-उजवी बाजू सारखी असलेले, डोळे आणि पाय असलेलेच काढले. अंगावर पिसं आहेत म्हटलं, की पंख आणि चोचही मागोमाग यायची. डोक्यात जे साठलंय त्यातूनच मन उचलतं. मग साठाच वाढवावा, हे कार्यशाळेतल्या सरांना काही सुचलं नाही.

माकुलाला तीन हृदयं असतात, रक्त निळसर असतं, हे मी वाचलं होतं, पण कागदावर ते मेलेलंच राहायचं. तुम्ही 'कशाला पाहिजे?' असंही विचारलं नाहीत. एक माकूल उचललंत, आतली पात सर्रकन ओढून काढलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. 'घे बाय, ह्याचं हाड.' लांबट, आरपार दिसणारी, वाकवली की वाकणारी. बाहेर शिंपला वागवणाऱ्या पूर्वजांची ती अंगात उरलेली खूण आहे म्हणे. माझा प्राणी तिथून सुरू झाला: आधी घर पाठीवर घेऊन फिरणारा, मग ते गिळून बसलेला.

ऐन धंद्याची वेळ, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि पैसे काढले तर 'ठेव गं' म्हणालात. शिकवायला बसलेले या शहरात पुष्कळ आहेत. पण ज्यांना खरोखर श्वास घ्यायला फुरसत नसते, तीच माणसं दुसऱ्यासाठी थांबतात, हे मी लोकलमध्येही पाहिलंय.

गोष्ट एका दिवाळी अंकाकडे पाठवली आहे. छापून आली तर अंक घेऊन येईन, लिलाव आटोपल्यावर. आणि त्या दिवशी माकुलं पैसे देऊनच घेणार, आधीच सांगते.